काउंटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये कमांड आणि शॉर्टकट सापडावेत कसे?

खातेवही

नमस्कार. आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. बहुतेक संस्था सांगली-साताऱ्याकडच्या. दोन-तीन काउंटर, एक शाखाधिकारी आणि बाहेर फिरणारे पिग्मी एजंट, एवढाच पसारा. जुनं सॉफ्टवेअर डॉसच्या जमान्यातलं. काळा पडदा, माउसचं कामच नाही, आणि सगळ्यात खालच्या ओळीत कायम लिहिलेलं: एफ२ जतन, एफ४ शोध, एफ६ सहीचा नमुना, एफ८ छपाई, एस्केप मागे. पान बदललं की ती ओळही बदलायची. कर्जखात्यावर गेलं की एफ६ वर जामीनदार यायचे.

नवी आवृत्ती ब्राउझरमध्ये चालते. सध्या एकाच शाखेत चाचणी चालू आहे, मार्च एंड उरकला की बाकीच्या शाखांत जाईल. शॉर्टकट हिच्यातही आहेत, पण पडद्यावर ते कुठेच लिहिलेले नाहीत, कारण पडदा मोकळा दिसावा असा आग्रह होता. परवा ठेवींच्या काउंटरमागे बसून काम बघितलं. जुन्या पडद्यावर त्या बाईंचा उजवा हात अंकांवर, डावा एफ२ वर आणि नजर पावतीवर. रक्कम, एफ२, पुढचा. नव्या पडद्यावर रक्कम टाकली की हात माउसकडे जातो, नजर पावतीवरून उठते, 'जतन करा' बटण शोधायचं, क्लिक, मग पुन्हा खातेक्रमांकाच्या चौकटीत क्लिक. एफ२ नव्यातही चालतं. पण ते कळणार कुठून?

आमच्यात वेगवेगळी मतं आहेत. कुणी म्हणतं प्रश्नचिन्ह दाबल्यावर यादी उघडू दे, कुणाला व्हीएस कोड या प्रोग्रामरांच्या सॉफ्टवेअरसारखी, नाव लिहून कमांड शोधायची पट्टी हवी, कुणी म्हणतं बटणावर माउस नेला की शॉर्टकट दिसला म्हणजे पुरे. मला तुमचे अनुभव हवेत. तुम्ही रोज वापरता त्या सॉफ्टवेअरमध्ये एखादी कमांड कुणी न शिकवता सापडली असेल, तर ती कशी सापडली?

रानजाई

पीडीएफ मात्र देऊ नका. काम अडलेला माणूस पुस्तिका उघडत नाही, शेजारच्याला विचारतो. आमच्या कार्यालयात रोज हेच बघते.

टंकशाळ

डॉसवरची ती खालची ओळ म्हणजे सोनं होतं. पण त्याहून एक बारीक सोय वर्डस्टारमध्ये होती, ती इथे मुद्दाम सांगतो.

वर्डस्टार हे मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर, १९७८ चं. मजकुराचा तुकडा निवडणं, हलवणं, पुसणं, सगळं कंट्रोल के नंतरच्या एका अक्षराने व्हायचं. कंट्रोल के, बी म्हणजे तुकड्याची सुरुवात. कंट्रोल के, के म्हणजे शेवट. कंट्रोल के, व्ही म्हणजे इथे हलव. कंट्रोल के दाबून तुम्ही थबकलात, तर क्षणभराने वर त्या गटातल्या सगळ्या आज्ञांची यादी उघडायची. थबकला नाहीत, सरळ पुढचं अक्षर दाबलंत, तर यादी उघडतच नसे. म्हणजे नवख्याला यादी, सरावलेल्याला मोकळा पडदा, आणि बोटांची हालचाल दोघांची एकच. यादी बघत बघत तुम्ही जे दाबता तेच उद्या न बघता दाबता. मदतीची पातळी कमी-जास्त करायची वेगळी सोयही होती, पण मला मोलाचं वाटतं ते हे थबकणं ओळखणं.

लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटमध्ये स्लॅश दाबला की वर मेनू यायचा, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर दाबायचं. फाइल उघडायची तर स्लॅश, एफ, आर. ज्या शब्दावर पट्टी असेल त्याच्या खालच्या ओळीत तो शब्द काय करतो किंवा त्याच्या पोटात काय आहे ते लिहिलेलं असे. दाबण्याआधीच कळायचं. आजही एक्सेलमध्ये रिकाम्या सेलवर स्लॅश दाबून बघा, वरच्या बटणांच्या पट्टीवर, म्हणजे रिबनवर, अक्षरं उमटतात. लोटसवरून आलेल्यांच्या हातांसाठी ठेवलेली सोय आहे ती, अजून चालते.

वर्डपरफेक्टवाले कीबोर्डवर एफ-कळांच्या भोवती छापील पट्टी ठेवायचे. तीही उपयोगाची, पण प्रसंगानुसार ती बदलत नाही. तुमची ओळ बदलायची, हे तिचं खरं बळ.

खातेवही

टंकशाळ, थबकण्याची गोष्ट अगदी घेण्यासारखी आहे. आमच्याकडे ऑल्ट दाबून धरला की त्या पानावरचे सगळे शॉर्टकट बटणांवर उमटतील, असं करता येईल का ते बघतो.

आंबेमोहर

आयपॅडला कीबोर्ड जोडला की कमांडची कळ दाबून धरायची, त्या अॅपमधले शॉर्टकट समोर येतात. २०१५ पासून आहे, आयओएस ९ पासून. तुम्ही म्हणता तसंच. मात्र दाबून धरायचं असतं हे मला बहिणीने सांगितलं. आपणहून सापडलं नसतं.

जमाखर्च

मी इचलकरंजीत हिशेबाची कामं घेतो, दिवस टॅलीवर जातो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या रोजच्या पडद्यावर आहे.

टॅलीत उजव्या हाताला बटणांची उभी पट्टी असते. त्या त्या पानावर काय करता येईल ते तिथे, आणि प्रत्येकाच्या आधी त्याची कळ. एफ४ कॉन्ट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ परचेस. ईआरपी ९ या आधीच्या आवृत्तीत अक्षराखाली एक रेघ असली तर ऑल्ट, दोन रेघा असल्या तर कंट्रोल. हे एकदा कळलं की पुढे कुणी शिकवायची गरज राहत नाही. हाताखाली येणाऱ्या मुलांना मी फक्त या रेघा दाखवतो. महिन्याभरात माउस बाजूला पडतो.

२०२० च्या अखेरीस टॅलीप्राइम आलं, तेव्हा काही कळा बदलल्या. क्रेडिट नोट आधी कंट्रोल एफ८ वर होती, ती ऑल्ट एफ६ वर आली. डेबिट नोट कंट्रोल एफ९ वरून ऑल्ट एफ५ वर. बोटं काही दिवस जुन्या जागी जायची, पण नवी कळ समोर लिहिलेली असल्याने निभावलं. आणि त्याच वेळी 'गो टू' आलं, ऑल्ट जी. पाहिजे त्या अहवालाचं नाव टाइप करायला लागा, तिथे पोचता. व्हाउचर अर्धं भरलेलं असताना मध्येच एखाद्या पार्टीचं लेजर बघायचं असलं, तर हातातलं काम न सोडता बघता येतं. मला ते फार आवडलं.

एक विनंती. ठेवींच्या बाईंच्या बोटात जे एफ२ बसलंय ते हलवू नका. वीस वर्षांची सवय कुठल्याही सुंदर पडद्यापेक्षा किमती असते.

कोयनाकाठ

पण ब्राउझरमध्ये एफ-कळा वापरताना सांभाळा. एफ५ ने पान ताजं होतं, अर्धवट भरलेला फॉर्म जाऊ शकतो. एफ३ म्हणजे शोध, एफ६ म्हणजे पत्त्याच्या पट्टीकडे, एफ११ पूर्ण पडदा. यातल्या बऱ्याच कळा तुमचं पान स्वतःकडे घेऊ शकतं. कंट्रोल एन, कंट्रोल टी, कंट्रोल डब्ल्यू मात्र क्रोमच्या साध्या टॅबमध्ये घेता येत नाहीत. 'नवीन खातं' साठी कंट्रोल एन ठेवायचा मोह होईल, तो टाळा.

आणि लॅपटॉपवर बऱ्याचदा एफ२ दाबलं की पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो, एफएन धरावं लागतं. शाखाधिकाऱ्यांकडे लॅपटॉप असेल तर त्यांना दुसरी कळही हवी.

खातेवही

बरोबर. आमच्याकडे एफ५ मोकळीच ठेवली आहे, ती दाबली तर 'भरलेलं जतन झालेलं नाही' असं विचारतो. लॅपटॉपचा मुद्दा लक्षात नव्हता, नोंदवून घेतला.

पंखपाखरू

मी प्रोग्रामर, सध्या पुण्यात. माझं मत शोधपट्टीच्या बाजूने आहे आणि ते जरा लांबवर मांडतो.

कल्पना जुनी आहे. ईमॅक्स या जुन्या संपादन-सॉफ्टवेअरमध्ये एम-एक्स (बहुधा ऑल्ट आणि एक्स) करून आज्ञेचं नाव लिहायची पद्धत मी जन्मायच्या आधीची. सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठी मॅकने २००७ साली लेपर्ड या आवृत्तीत मदतीच्या मेनूतच शोध दिला. तुम्ही शब्द लिहिता, निकालावर गेलात की मेनू आपोआप उघडतो आणि एक निळा बाण त्या ओळीकडे बोट दाखवत हलतो. कमांड सापडतेच, ती राहते कुठे हेही कळतं. मला वाटतं यापेक्षा चांगली रचना त्यानंतर फार कुणी केलेली नाही. सब्लाइम टेक्स्टने २०११ च्या सुमारास कंट्रोल शिफ्ट पी आणलं, व्हीएस कोडने तेच उचललं, आणि आता बऱ्याच वेब अॅप्समध्ये कंट्रोल के असतं. लिब्रेऑफिसमध्ये ७.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, शिफ्ट एस्केप दाबलं की कमांड शोधता येतात. गूगल डॉक्समध्ये ऑल्ट स्लॅश. ब्लेंडरमध्ये एफ३.

या सगळ्यांत मला एकच कसोटी महत्त्वाची वाटते. सापडलेल्या कमांडीच्या समोर, त्याच ओळीत, तिचा शॉर्टकट लिहिलेला आहे का? व्हीएस कोडमध्ये असतो. मी तिथले शॉर्टकट पाठ केलेले नाहीत. रोज पट्टीतून कमांड चालवताना उजव्या कडेला डोळा जात राहिला, आणि एक दिवस हात थेट तिकडे गेला. ईमॅक्स तर कमांड चालवून झाल्यावर खाली सांगतं की हीच अमुक कळांनी झाली असती. शोधपट्टीने स्वतःची गरज कमी करत जावी, असं माझं म्हणणं आहे.

दुसरी गोष्ट शब्दांची. १९८७ साली फर्नस, लँडॉवर, गोमेझ आणि डुमे यांचा एक अभ्यास आला. एकाच गोष्टीला दोन माणसं आपापल्या मनाने नाव द्यायला लागली, तर तोच शब्द निघण्याची शक्यता वीस टक्क्यांहून कमी निघाली. म्हणजे तुम्ही मेनूत लिहिलेला शब्द शोधणाऱ्याच्या डोक्यात असेल, असं धरून चालताच येत नाही. खातेवही, तुमच्या पट्टीत 'खातेउतारा' असेल, तर 'स्टेटमेंट', 'उतारा', 'पासबुक', 'लेजर' यांतलं काहीही लिहिलं तरी तोच सापडला पाहिजे. आणि काही न सापडता लोक काय लिहून बघतात, ते शाखेकडून मागून घ्या. ती यादी तुमच्या टीमच्या कुठल्याही बैठकीपेक्षा जास्त शिकवेल.

फळाखडू

पंखपाखरू, तुमचा प्रतिसाद चांगला आहे, पण मी यावर आडवी येणार.

मी तालुक्याच्या गावी संगणकाचे वर्ग घेते. माझ्याकडे येणाऱ्यांत दहावी झालेल्या मुली असतात, बचत गटाच्या बायका असतात, निवृत्तीला आलेले ग्रामसेवकही असतात. शोधपट्टीत काय लिहायचं, हाच त्यांचा प्रश्न असतो. ज्याला अशी काही कमांड असते हेच माहीत नाही, तो ती शोधणार नाही. एक्सेलमध्ये यादी खाली सरकवली तरी मथळ्याची ओळ जागेवर राहते, हे 'फ्रीझ पेन्स' त्यांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वर्गात सगळ्यांनी मान वर केली. कुणी आयुष्यात ते शोधून काढलं नसतं, कारण असं काही मागता येतं हेच मनात येत नाही. मेनू डोळ्यांसमोर असला तर माणूस वाचत वाचत फिरतो आणि न मागितलेलं सापडतं.

मोकळ्या पडद्याच्या हट्टापायी हे फिरणंच बंद होतं. ऑफिस २००० मध्ये क्वचित लागणाऱ्या कमांड मेनूतून लपवायची पद्धत आली होती. खाली दोन बाणांवर थांबलं की उरलेला मेनू उघडायचा. वस्तू रोज जागा बदलते म्हटल्यावर शिकायचं काय? २००७ च्या रिबनमध्ये ती पद्धत राहिली नाही, ते बरं झालं. विंडोज २००० पासून मेनूतल्या अक्षरांखालच्या रेघाही मुळात दिसेनाशा झाल्या, ऑल्ट दाबल्यावरच दिसतात. सेटिंगमध्ये जाऊन त्या कायम चालू ठेवता येतात. माझ्या वर्गातल्या सगळ्या संगणकांवर मी ते करते आणि पहिल्याच तासाला रेघ म्हणजे काय ते सांगते.

रिबनमध्ये मात्र एक गोष्ट छान झाली. ऑल्ट दाबला की प्रत्येक टॅबवर अक्षर उमटतं, ते दाबलं की आतल्या प्रत्येक बटणावर अक्षर. बघत बघत दाबायचं. टंकशाळकाकांनी वर्डस्टारचं सांगितलं, त्याच कुळातली सोय. आणि ज्यांच्या बोटात जुनं ऑल्ट, ई, एस, व्ही बसलंय त्यांच्यासाठी मेनू गेले तरी तो क्रम अजून चालतो. पेस्ट स्पेशल, फक्त किमती.

तुमच्या काउंटरवर मी असते तर खालची ओळ परत मागितली असती. शोधपट्टी हवी तर शाखाधिकाऱ्याला द्या.

पंखपाखरू

मान्य, माहीत नसलेलं शोधता येत नाही. उबंटू या लिनक्सचं एचयूडी याचं उदाहरण आहे. २०१२ मध्ये आलं, ऑल्टवर टिचकी मारून मेनूतलं काहीही शोधता यायचं. मला प्रिय होतं. पण ऑल्टवर टिचकी मारायची हे पडद्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. पुढे २०१७ ला उबंटूने युनिटी हा आपला डेस्कटॉप सोडला, तेव्हा तेही गेलं.

तरी मी शोधपट्टी सोडणार नाही. खालच्या ओळीत आठ-दहा गोष्टी मावतात. वर्षातून एकदा लागणारी 'लाभांश वाटप नोंद' तिथे मावत नाही. तिच्यासाठी पट्टी.

अक्षरजुळणी

अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपी करतो. आमच्या धंद्यात शॉर्टकट म्हणजे मजुरीचा हिशेब. पत्रिका, पावतीपुस्तकं, अहवाल, सगळं वेळेवर लागतं.

कोरलमध्ये कंट्रोल क्यू म्हणजे अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकृत्या. मराठी फॉन्ट पुढच्या छापखान्याकडे असेलच असं नसतं, म्हणून फाइल पाठवण्याआधी कर्व्ह करतोच. आमच्याकडे नवा मुलगा पहिल्या दिवशी हे शिकतो, पण ते शेजारच्या खुर्चीवरून, सॉफ्टवेअरकडून नाही. तुमच्या शाखेत शेजारची खुर्ची नसेल तर काय, याचा विचार करा. एकच माणूस असलेल्या शाखा असतातच.

इनडिझाइनमध्ये कंट्रोल एंटर दाबलं की 'क्विक अप्लाय' नावाची छोटी चौकट येते. तिच्यात स्टाइलचं नाव लिहा किंवा मेनूतल्या कमांडीचं, एंटर, झालं. बरीच वर्षं आहे, तरी जुनेजाणते ऑपरेटर ती वापरत नाहीत, कारण नाव कानावरच आलेलं नसतं. शिवाय कीबोर्ड शॉर्टकटच्या सेटिंगमध्ये 'शो सेट' बटण आहे, सगळी यादी साध्या मजकुरात निघते. मी त्यातून आमच्या उपयोगाच्या निवडून एका पानावर छापल्या.

आणि हो, एकच कळ प्रत्येक ठिकाणी वेगळं करते. कंट्रोल के कोरलमध्ये वस्तू सुटी करतं, वर्डमध्ये लिंक जोडतं, वरच्या मंडळींच्या अॅप्समध्ये शोध उघडतं. दिवसभरात तीन सॉफ्टवेअरमधून फिरणाऱ्याला हे फार जड जातं. जिथे सगळ्यांचं एकमत आहे त्या कळा तरी बदलू नका.

रानजाई

+१. कंट्रोल पी ने छपाईच व्हावी.

श्रुतगंध

मी अंध आहे, बँकेत काम करतो, एनव्हीडीए हे पडदावाचक वापरतो. धाग्यात माउस नेल्यावर दिसणाऱ्या सूचनेचा उल्लेख आहे. मी माउस नेतच नाही, त्यामुळे तिथे लिहिलेला शॉर्टकट माझ्यापर्यंत पोचत नाही. बटणाला एरिया-कीशॉर्टकट्स हा गुणधर्म लावा. मग मी टॅबने त्या बटणावर आलो की 'जतन करा, बटण, एफ२' असं ऐकू येतं. कोडमध्ये एक ओळ लागते. मला मात्र त्या ओळीने तो शॉर्टकट अस्तित्वात आहे हे कळतं. हा गुणधर्म फक्त जाहीर करतो, कळ चालवायचं काम तुम्हालाच करावं लागतं, एवढं ध्यानात ठेवा.

एका अक्षराचे शॉर्टकट ठेवू नका. वेब पान वाचताना एनव्हीडीएमध्ये अक्षरांना आधीच कामं आहेत. एच दाबलं की पुढचं शीर्षक, बी म्हणजे बटण, ई म्हणजे लिहायची चौकट, टी म्हणजे तक्ता, के म्हणजे लिंक. तुमच्या पानाने 'टी' ला 'टीडीएस' ठेवलं तर ते मला मिळणारच नाही. आवाजाने संगणक चालवणाऱ्यांचा त्रास वेगळा. बोललेला शब्द अक्षरं म्हणून गेला, तर भलत्याच कमांड चालतात. म्हणूनच वेब पानं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीच्या २०१८ च्या २.१ आवृत्तीत स्वतंत्र निकष आहे: एका अक्षराचे शॉर्टकट असतील तर ते बंद करता आले पाहिजेत, किंवा बदलता आले पाहिजेत, किंवा ती वस्तू निवडलेली असतानाच चालले पाहिजेत.

एक चांगलं उदाहरणही देतो. एनव्हीडीएची कळ आणि १ दाबलं की मदतीची अवस्था सुरू होते. मग कुठलीही कळ दाबा, एनव्हीडीए तिचं नाव आणि तिला दिलेलं काम सांगतं, पण ते काम करत नाही. पुन्हा तेच दाबलं की नेहमीसारखं. मी कीबोर्ड असाच शिकलो. चुकून काही बिघडेल ही भीती नसते, हात मोकळेपणाने फिरतो. ज्याच्या समोर लोकांचे पैसे आहेत त्या क्लार्कला अशी जागा फार उपयोगी पडेल. एफ८ दाबून बघू का, खरंच छापलं तर, अशी धाकधूक डोळस माणसालाही असते.

एफ६ बद्दलही. ब्राउझरमध्ये पान आणि पत्त्याची पट्टी यांत जाण्यासाठी मी एफ६ वापरतो. तुम्ही ती घेतलीत तर कंट्रोल एल ने माझं भागेल, पण आधी सांगा.

फळाखडू

श्रुतगंध, न करता सांगणारी अवस्था मला माझ्या वर्गासाठीही हवी आहे. फार पटलं.

खातेवही

श्रुतगंध, मनापासून आभार. आमच्या एका संस्थेत अंध कर्मचारी आहेत, त्यांच्यासाठी हे लगेच करायचं आहे. एफ६ ची सूचना पहिल्या वेळी पान उघडतानाच द्यावी असं ठरवतो.

सगळ्यांना एक विचारतो. जेटब्रेन्स कंपनीच्या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरसाठी 'की प्रमोटर एक्स' नावाचं प्लगइन आहे. माउसने बटण दाबलं की ते कोपऱ्यात सांगतं, याची कळ ही होती. आमच्या टीममधल्या एकाला ते काउंटरवर हवंय. काय वाटतं?

जमाखर्च

गिऱ्हाईक समोर उभं असताना कोपऱ्यात काही उमटलेलं नको. प्रत्येक वेळी तर मुळीच नको.

टंकशाळ

वेगळी सूचना कशाला? 'जतन झालं' असा निरोप तुम्ही दाखवत असालच. त्याच निरोपात शेवटी 'एफ२' लिहा. जागा तीच, नजर तिथे जातेच.

खातेवही

हे झकास. निरोप आहेच.

अनुस्वार

मराठी टंकलेखनाचा मुद्दा अजून कुणी काढला नाही, म्हणून लिहिते. तुमच्या सभासदांची नावं मराठीत भरली जातात ना? मग बऱ्याच वेळा कीबोर्ड इनस्क्रिप्ट या मराठी मांडणीवरच राहिलेला असणार. इनस्क्रिप्टमध्ये स्लॅशच्या कळेवर य आहे. म्हणजे यादी उघडण्यासाठी प्रश्नचिन्ह ठेवलंत, तर ज्यांना यादी हवी त्यांच्याच कीबोर्डवर ती कळ प्रश्नचिन्ह देत नाही. इंग्रजीत सी असते तिथे म, पी च्या जागी ज. अक्षर बघून शॉर्टकट ओळखणारी वेब पानं मराठी चालू असताना गप्प बसतात, आणि माणसाला वाटतं शॉर्टकटच बिघडला.

ब्राउझर कळ दाबल्यावर दोन गोष्टी सांगतो. 'की' मध्ये कुठलं अक्षर उमटलं ते असतं, 'कोड' मध्ये कीबोर्डवरची कुठली जागा दाबली गेली ते. शॉर्टकटसाठी 'कोड' बघा, म्हणजे भाषा कुठलीही असली तरी चालेल. एफ-कळांना हा त्रासच नाही, त्या दोन्ही भाषांत त्याच. तुमची जुनी ओळ एफ-कळांची होती, हा तिचा आणखी एक गुण.

शोधपट्टीलाही हे लागू आहे. कुणी 'डे बुक' इंग्रजीत लिहायला गेलं आणि कीबोर्ड इनस्क्रिप्टवर असला, तर डी, ए, वाय या कळांनी हलन्त, ओकाराची मात्रा आणि ब असं उमटतं. पट्टी म्हणणार, काही सापडलं नाही. पण कुठल्या कळेवर काय हे ठरलेलं आहे, तेव्हा तो मजकूर उलटा वळवून इंग्रजीतही शोधून बघणं अवघड नाही. रोजकीर्द, डे बुक आणि चुकीच्या कीबोर्डवर मारलेलं डे बुक, तिन्हींनी एकाच जागी पोचता आलं पाहिजे.

पंखपाखरू

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. 'कोड' बद्दल एक भर घालतो. ज्यांचा इंग्रजी कीबोर्डच वेगळ्या मांडणीचा आहे, म्हणजे फ्रेंच वगैरे, त्यांच्याकडे जागा आणि अक्षर जुळत नाहीत. तुमच्या शाखांत तो प्रश्न नाही. त्यामुळे बिनधास्त 'कोड' वापरा.

खातेवही

टीमशी बोललो. काय ठरलं ते सांगतो.

खालची ओळ परत येते आहे आणि पानागणिक बदलणार आहे. तिच्यातली प्रत्येक गोष्ट खरं बटण असेल, म्हणजे माउसवाल्यालाही चालेल आणि पडदावाचकालाही वाचता येईल. जुन्या एफ-कळा जिथे होत्या तिथेच राहतील. एफ६ बद्दल एकमत झालं नाही. सहीचा नमुना पैसे काढताना दर वेळी बघावा लागतो, म्हणून ती ठेवण्याकडे कल आहे, पण श्रुतगंध यांचं म्हणणं आमच्या अंध सहकाऱ्यांना विचारल्याशिवाय पक्कं करणार नाही. लॅपटॉपसाठी प्रत्येक एफ-कळेला ऑल्टसह एक अंक दिला आहे. शोधपट्टी येईल, पण ओळीच्या डाव्या टोकाला 'शोधा' असं लिहिलेलं बटण असेल, नुसत्या कळांवर अवलंबून ठेवणार नाही. तिच्या प्रत्येक निकालासमोर शॉर्टकट आणि तो कुठल्या मेनूत राहतो तेही. न सापडलेले शब्द शाखेच्या संमतीने आमच्याकडे येतील. त्यात खातेक्रमांक आणि सभासदांची नावंही लिहिली जाणार, म्हणून कमांडीच्या शोधातलं वेगळं काढूनच घेऊ.

न करता सांगणारी अवस्था पहिल्या फेरीत बसत नाहीये. मला ती मनापासून हवी आहे, जूनच्या फेरीत घेतो.

कोयनाकाठ

ऑल्ट आणि अंक फायरफॉक्सवर लिनक्समध्ये असतील तर तपासा. तिथे ऑल्ट १, ऑल्ट २ ने टॅब बदलतात. विंडोजवर तेच काम कंट्रोल आणि अंक करतात.

खातेवही

दोन शाखांत लिनक्स आहे. तपासतो. तिथे ऑल्ट शिफ्ट आणि अंक चालतंय का ते आजच बघतो.

श्रुतगंध

चाचणीची आवृत्ती मला द्याल का? खालच्या ओळीत टॅबने जाताना क्रम बरोबर लागतो का, आणि पान बदलल्यावर ओळ बदलली हे ऐकू येतं का, एवढं तपासून सांगतो. ओळ गुपचूप बदलली तर मला ती जुनीच वाटेल.

खातेवही

नक्की. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. ओळ बदलल्याचं ऐकू यायला प्रत्येक पानावर सगळी ओळ वाचून दाखवावी, की फक्त बदललेल्या कळा?

श्रुतगंध

फक्त बदललेल्या. 'एफ६ जामीनदार' एवढं पुरे.